कोच बदलला, पण टीम बदलली का?



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता हॉकीचा विषय निघाला आणि वेळ संपली म्हणून मी तो अर्धवट सोडला. त्याच संध्याकाळी सातारा भागातल्या एका बेकरीवाल्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, दोन वर्षांत तीन उस्ताद बदलले, आता चौथा शोधतोय. खारीला पदरच सुटत नाहीत. कुणी चांगला माणूस माहितीये का?"

मी त्यांना एकच विचारलं, "पहिला उस्ताद आता कुठं आहे?"

थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाले, "आहे की, पलीकडच्या गावात दुसऱ्या बेकरीत. त्याची खारी चांगली खपते म्हणतात."

या उत्तरावर आपण शेवटी परत येऊ. आधी हॉकीचा हिशोब पूर्ण करू, कारण "माणूस चुकीचा होता की दुसरंच काही?" हा प्रश्न त्यात जितका स्पष्ट दिसतो तितका आपल्या दुकानात दिसत नाही. दुकानात आपण स्वतःच आत उभे असतो ना!

आधी नावं मोजा. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत भारताच्या पुरुष हॉकी संघाला किती मुख्य कोच मिळाले? होजे ब्रासा, मायकल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन आस, रोलंट ऑल्टमन्स, शोर्ड मरिन, हरेंद्र सिंग. सात झाले. मधले हंगामी धरलेले नाहीत. स्पेन, ऑस्ट्रेलिया, हॉलंड, भारत, सगळीकडची माणसं आणून झाली. वॉल्श यांच्या हाताखाली तर संघानं २०१४ मध्ये इंचॉनला एशियन गेम्सचं सोनं जिंकलं, तेही सोळा वर्षांनी, आणि त्याच वर्षी ते गेले. हरल्यामुळे नाही, काम कुठल्या अटींवर करायचं यावर जुळलं नाही म्हणून. त्यांच्यानंतर आलेले व्हॅन आस काही महिनेच टिकले.

म्हणजे कोच जायला हरावंच लागतं असंही नाही. हे लक्षात ठेवा.

आता २०१८ ची गोष्ट बघा. माझ्या बॅचमध्ये मी ही नेहमी सांगतो, कारण असा नमुना ठरवून करायला गेलं तरी मिळणार नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थ गेम्स झाले. भारताचा पुरुष संघ चौथा आला. महिला संघही चौथाच आला. पुरुषांचे कोच होते हॉलंडचे शोर्ड मरिन, महिलांचे होते आपले हरेंद्र सिंग. ओरड झाली ती मुख्यतः पुरुष संघाबद्दल. मे महिना उजाडला आणि निर्णय आला की दोघांची अदलाबदल. मरिन महिलांकडे, हरेंद्र पुरुषांकडे.

त्याच्या सातआठ महिने आधी काय झालं होतं तेही सांगतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मरिन महिला संघाकडून पुरुष संघाकडे आणले गेले होते आणि हरेंद्र महिलांकडे. पुढच्याच महिन्यात मरिनच्या पुरुष संघानं ढाक्यात आशिया कप जिंकला. नोव्हेंबरमध्ये हरेंद्रच्या महिला संघानं जपानमध्ये आशिया कप जिंकला. तेव्हा दोघंही हुशार ठरले. एप्रिलमध्ये एक स्पर्धा बिघडली आणि लगेच बदल.

पुढं काय झालं? हरेंद्र यांच्या पुरुष संघानं चॅम्पियन्स ट्रॉफीत रौप्य मिळवलं, फायनल ऑस्ट्रेलियाविरुद्ध शूटआऊटमध्ये गेली. एशियन गेम्सच्या सेमीफायनलला मलेशियाविरुद्ध पुन्हा शूटआऊट, पुन्हा हार, हातात ब्राँझ. डिसेंबरमध्ये भुवनेश्वरच्या वर्ल्डकपला क्वार्टर फायनलमध्ये हॉलंडकडून २-१ नं हार. जानेवारी २०१९ मध्ये हरेंद्र यांना पदावरून काढलं.

आणि मरिन? ज्यांना पुरुष संघासाठी "जमत नाही" म्हणून हलवलं ते महिला संघाबरोबर तीन वर्षं राहिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (नावाला २०२०, खेळवलं गेलं २०२१ मध्ये) त्यांचा संघ पहिले तिन्ही सामने हरला. हॉलंडकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ब्रिटनकडून ४-१. विचार करा, सलग तीन हारी! आपल्याकडं तीन महिने सेल पडला की मॅनेजरच्या जागेसाठी जाहिरात जाते. त्या संघानं नंतर आयर्लंडला १-०, दक्षिण आफ्रिकेला ४-३ हरवलं आणि २ ऑगस्टला क्वार्टर फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला १-० नं घरी पाठवलं. गोल गुरजीत कौरचा, आणि गोलमध्ये सविता भिंतीसारखी उभी. भारतीय महिला पहिल्यांदा ऑलिंपिकच्या सेमीफायनलला पोचल्या. ब्राँझ ४-३ नं हुकलं, पण ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना विचारा, ते हरल्यासारखं वाटलं का.

तर प्रश्न असा, मरिन वाईट कोच होते का?

मागच्या बॅचमध्ये यावर जोरदार वाद झाला. एका ताईंचा, त्यांचा मसाल्याचा व्यवसाय आहे, मुद्दा असा होता की बदल बरोबरच होता. माणूस चांगला होता पण जागा चुकीची होती, जागा बदलली आणि तो चालला. म्हणजे निर्णय घेणारे बरोबर! एक फॅब्रिकेशनवाले दादा म्हणाले, छे, त्यांना पुरुष संघाबरोबरही तीन वर्षं दिली असती तर तिथंही चालले असते. तुम्ही आठ महिन्यांत पीक मागता आणि उसाला शिव्या घालता.

मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण पुरावा पुरा कुणाकडेच नाही. कारण अदलाबदलीबरोबर इतर गोष्टीही बदलल्या. महिला संघाला वेळ मिळाला. वेन लोम्बार्ड यांच्यासारखा फिटनेसचा जाणकार मिळाला. २०१८ पासून ओडिशा सरकार दोन्ही संघांचं प्रायोजक झालं, म्हणजे पैशाची चणचण कमी झाली. यातलं किती श्रेय कोचचं, किती वेळेचं, किती पैशाचं, हे सुटं करून दाखवणं अवघड आहे. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की "हा माणूसच कुचकामी" हे लेबल खोटं होतं. आणि कोच बदलताना बहुतेक वेळा नेमकं तेच लेबल लावलं जातं.

श्रेयाचंही तसंच असतं. टोकियोत पुरुषांनी जर्मनीला ५-४ हरवून ब्राँझ घेतलं, ४१ वर्षांनी पदक. कोच ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड. सगळीकडं त्यांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. याच संघानं त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा मार खाल्ला होता. स्पर्धा चालू होती म्हणून कोच वाचला, असं मी गमतीनं म्हणतो. पण त्या ब्राँझच्या सामन्यात दोन गोल करणारा सिमरनजीत, तसंच हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत ही पोरं कुठून आली? २०१६ मध्ये लखनौला ज्युनिअर वर्ल्डकप जिंकणाऱ्या संघातून. फायनलला बेल्जियमविरुद्ध गोल केले होते गुरजंत आणि सिमरनजीतनं. आणि त्या ज्युनिअर संघाचे कोच कोण? हरेंद्र सिंग. ज्यांना जानेवारी २०१९ मध्ये काढलं तेच!

पेरलं एकानं आणि कापणीला दुसरा हजर. रीड यांचं काम छोटं होत नाही त्यानं. पण आपण कुणाला पगारवाढ देतो आणि कुणाला नारळ देतो, याचा हिशोब करताना मधली चारपाच वर्षं गाळून टाकतो. रीड यांच्यावरही पुढं तीच वेळ आली. २०२३ च्या वर्ल्डकपला न्यूझीलंडविरुद्ध शूटआऊटमध्ये हरून संघ क्वार्टर फायनलआधीच बाहेर पडला आणि आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी पॅरिसला क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली परत ब्राँझ.

आता अजून मागे जाऊ, कारण खरा मुद्दा तिथं आहे.

मार्च २००८. चिलीतल्या सँटियागो इथं ब्रिटनकडून २-० नं हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. १९२८ पासून असं कधी झालं नव्हतं. कोच होते मुंबईचे ऑलिंपियन जोकिम कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. बघा, जबाबदारी घेणारा माणूस मिळाला, सगळ्यांचा राग शांत! पण पुढच्या काही आठवड्यांत काय बाहेर आलं? एका वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यावरून महासंघाच्या सचिवावर संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि एप्रिलमध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेनं अख्खा महासंघच निलंबित केला. संघनिवडीवरच असा संशय असेल तर तिथं जगातला सर्वोत्तम कोच आणून काय करणार होता?

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. जानेवारी २०१०. बालेवाडीला भारतीय संघाचं शिबिर चालू होतं, दिल्लीचा वर्ल्डकप काही आठवड्यांवर होता. आणि खेळाडूंनी सराव बंद केला. मागणी काय, तर थकलेले पैसे द्या. देशाचा संघ, घरचा वर्ल्डकप, आणि पोरं मैदानाबाहेर बसलेली. तोडगा निघाला, सराव सुरू झाला, वर्ल्डकपला आपण आठवे आलो. कोच ब्रासा. आता मला सांगा, ही आठवी जागा ब्रासांच्या खात्यात किती आणि पैसे थकवणाऱ्यांच्या खात्यात किती?

(कामगारांचा पगार १० तारखेच्या पुढं गेला की मशीनवर काय होतं हे ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

त्याहूनही मागं, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम टर्फवर गेली. चेंडू जोरात पळू लागला, मनगटाच्या कसबापेक्षा दमसास आणि वेग महत्त्वाचा झाला. आपल्याकडं टर्फ होते कुठं? पोरं गवतावर आणि मातीवर शिकायची आणि मोठी झाल्यावर टर्फवर उतरायची. त्या स्पर्धेत भारत सातवा आला, ऑलिंपिक हॉकीत पहिल्यांदाच पदकाविना. हा बाजारच बदलल्याचा प्रकार. यूपीआय आलं आणि तुम्ही सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी भांडताय, मग सेल्समनला काढून काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे कोच कधीच दोषी नसतो का? असतो की! पण ते ओळखायचं कसं, त्यासाठी एक परदेशातलं उदाहरण घेऊ. हॉकीच, पण बर्फावरची.

अमेरिकेच्या सेंट लुईस ब्लूज संघानं २०१८-१९ च्या हंगामात खराब सुरुवात केली. १९ सामन्यांत ७ विजय. १९ नोव्हेंबरला कोच माइक यो यांना काढलं, क्रेग बेरुबे हंगामी कोच झाले. ३ जानेवारीला संघ ३१ संघांच्या लीगमध्ये सगळ्यात खाली होता. आणि १२ जूनला त्याच संघानं स्टॅनले कप जिंकला, ५० वर्षांहून जास्त इतिहासात पहिल्यांदा! सगळे म्हणाले, बघा, कोच बदलला आणि चमत्कार झाला.

पण आकडे नीट बघा. यो यांच्या १९ सामन्यांत ७ विजय. बेरुबे यांच्या पहिल्या १८ सामन्यांत विजय किती? ८. फक्त ८! कोच बदलून दीड महिना उलटला तरी गाडी तिथंच. खरी उसळी कधी आली? ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन नावाचा गोलकीपर पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि एकही गोल न खाता जिंकला, त्यानंतर. हा मुलगा २०११ पासून संघाच्या यादीत होता. मधल्या एका हंगामात त्याला दुसऱ्या क्लबच्या कनिष्ठ संघाकडं उसना दिला होता. म्हणजे हिरा गोदामातच पडून होता.

मग कोचचा काहीच वाटा नाही? आहे. बिनिंग्टनला उभं करण्याचा आणि उभं ठेवण्याचा निर्णय बेरुबे यांच्या काळातच झाला. संघाची बचावाची शिस्तही सुधारली. पण "कोच काढला म्हणून जिंकले" हे वाक्य जसंच्या तसं पटत नाही. पुढं डिसेंबर २०२३ मध्ये त्याच क्लबनं त्याच बेरुबे यांना काढलं, हेही सांगून ठेवतो.

हॉलंडच्या फुटबॉल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या कोचबदलांचा एका अर्थतज्ज्ञानं अभ्यास केलाय. कोच काढल्यावर संघांचे निकाल सुधारतात, हे दिसलंच. पण तशाच वाईट काळातून गेलेले, आणि कोच न काढलेले संघ बाजूला ठेवून बघितलं तर तेही जवळपास तितकेच सुधारले होते! कारण सोपं आहे. आपण माणूस काढतो ते सगळं अगदी तळाला गेल्यावर. तळाला गेलेली गोष्ट बऱ्याचदा आपोआपच थोडी वर येते.

हे आपल्या भाषेत सांगतो. कापड दुकानदार पितृपक्षात गल्ला बघून वैतागतो आणि सेल्समन काढतो. नवा सेल्समन घटस्थापनेला कामावर येतो. दसरा-दिवाळीला गल्ला भरतो. शेठ सगळ्यांना सांगत फिरतो, "माणूस बदलला आणि बघा!" माणूस बदलला हे खरं, पण सोबत पितृपक्षही संपला ना!

म्हणून तुलना करायची तर मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जमलं तर शेजारच्या दुकानाशीही करा. सगळ्या गल्लीचाच धंदा बसला असेल तर तुमच्या मॅनेजरचा काय दोष?

पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो तो अधिकाराचा. ज्याला आपण दोषी धरतोय त्याच्या हातात नेमकं काय होतं? संघ कोण निवडतो, पैसे कोण देतो, सराव कुठं होतो, हे कोचच्या हातात नसेल तर निकाल तेवढा त्याच्या नावावर कसा? एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं जे बिघडलंय ते लिहा, उजवीकडं त्या प्रत्येक गोष्टीचा शेवटचा निर्णय कोण घेतो त्याचं नाव. मी हे बऱ्याच उद्योजकांकडून करून घेतलंय. उजव्या बाजूला मालकाचंच नाव सारखं येतं आणि मग पेन थांबतं. त्या पानावर मॅनेजरचं नाव खरंच जास्त वेळा आलं, त्याला पुरता वेळ आणि सामान मिळालेलं असलं, आणि तरी काम होत नसलं, तर मग बिनधास्त बदला. त्यात पाप नाही. उगीच दोन वर्षं रेंगाळत ठेवणं हे त्याच्यावरही अन्याय आहे आणि बाकीच्या स्टाफवरही.

आता बेकरी.

मी त्यांना हेच पान फोनवर लिहायला लावलं. "खारीला पदर सुटत नाहीत" याच्यापुढं मी विचारलं, तूप, म्हणजे वनस्पती, कोण आणतं? "मीच." ब्रँड कधी बदलला? परत शांतता. दोन वर्षांपूर्वी भाव वाढले तेव्हा त्यांनी खारीचं खास मार्जरीन बंद करून स्वस्तातली साधी वनस्पती आणायला सुरुवात केली होती. पहिल्या उस्तादानं तेव्हाच सांगितलं होतं की यात पदर धरत नाही, उन्हाळ्यात तर पीठ लाटतानाच सगळं वितळून एक होतं. त्यांना वाटलं, हा सबबी सांगतोय. तो गेला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसरा काही बोललाच नाही, कारण आधीच्या दोघांचं काय झालं ते त्याला कामगारांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, चौथा उस्ताद शोधायचा थांबा, आधी जुन्या मार्जरीनचा एक बॉक्स आणा आणि तिसऱ्याच्याच हातून दोन घाण करून बघा. खर्च किती, तर एका उस्तादाच्या आठवड्याच्या पगाराहून कमी.

पंधरा दिवसांनी त्यांचा मेसेज आला. खारी सुटली. पण तिसरा उस्ताद तरीही त्यांनी काढलाच. कारण तो खरंच आठवड्यातून दोन दिवस उशिरा यायचा आणि पहाटेची भट्टी पेटायची नाही, लादीपाव चहाच्या गाड्यांवर वेळेत पोचायचा नाही. पानाच्या उजव्या बाजूला त्या ओळीपुढं त्याचंच नाव होतं, आणि मी त्यावर काही बोललो नाही.

पहिल्या उस्तादाला परत बोलवायला ते स्वतः पलीकडच्या गावात गेले होते. तो म्हणाला, "शेठ, येतो, पण माल मी निवडणार." सध्या पगारापेक्षा त्याच अटीवर बोलणी अडलीयेत. पुढच्या भागात आपण हाच विषय घेऊ. माल निवडायचा अधिकार कामगाराला द्यायचा तर किती, आणि बिलावर नजर कशी ठेवायची. येताना वहीचं ते पान भरून आणा.